मिनिटाला तीन थेंब

रविवारी सकाळी सातला हत्तरगीच्या फाट्यावरून आत वळतो.
टाकीवर पान्यांची पिशवी, मागं बसू,
त्याच्या मांडीवर बारा व्होल्टची बॅटरी.
कलू द्यायची नाही, आतलं पाणी सांडतं.

आठवडाभर मी उसातले पंप बघतो.
कुणाचा फूटव्हॉल्व्ह गाळानं चोंदलेला,
कुणाचं वाइंडिंग रात्रीत जळालेलं.
रविवार तेवढा हिडकलच्या पाण्यावर,
भरमाण्णा चौगल्यांच्या शिडाच्या होडीला.

डोंगरातल्या धरणात शिडाची होडी कशाला,
मीपण विचारलं होतं एकदा.
म्हणाले, चौतीस वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये होतो,
समुद्र नुसता ऐकला.
पुढं बोलले नाहीत. वही उघडली.

वहीत पहिली ओळ वाऱ्याची, मग तळातल्या पाण्याची.
दोन तांबे निघालं.
कुठनं आलं, वरनं की खालनं?
समुद्रात म्हणे जिभेला लावलं की कळतं,
गोड असलं तर पाऊस, खारट असलं तर भोक.
इथं दोन्ही गोडंच.
म्हणून भरमाण्णा ओंजळ नाकाशी नेतात,
गाळाचा वास येतोय का बघतात,
आणि लिहितात : पाऊस. बहुतेक.

पंपाचा रबरी चक्र काढला. एक पाकळी चिरलेली.
बॅटरीचे कप्पे उघडले, काचेच्या पिचकारीनं जोर मोजला.
डोलकाठीच्या तारांवरनं कापसाचा बोळा फिरवला,
जिथं तंतू अडकला तिथं तार तुटायला लागली.
असं कुणी सांगितलं नव्हतं मला वर्कशॉपमध्ये.
दिवे लावून बघितले, डावा तांबडा, उजवा हिरवा.
रात्री ह्या पाण्यात दुसरी बोट नसते,
खरं दिवा लागलाच पायजे.

मे महिन्यात पाणी उतरतं,
होडी कुणाच्या तरी जुन्या बांधावर कुशीला टेकते.
तेव्हा खालचा जस्ताचा गठ्ठा बदलायचा.
खारं पाणी आधी जस्त खातं, मग बाकीचं वाचतं.
इथं जस्त जसाच्या तसा,
वर्षभरानं फक्त पांढरी साय धरलेला.
काढायचा, वहीत वजन लिहायचं, नवीन बसवायचा.
जुने अकरा ठोकळे त्यांच्या खिडकीत ओळीनं ठेवलेत.
मी म्हटलं, अण्णा, समुद्र नाही इथं खायला.
म्हणाले, माहीत आहे मला.

नाव अजून लिहिलेलं नाही होडीवर.
रंगाऱ्यानं विचारलेलं, कुठल्या अक्षरात?
दोन्हीत लिही म्हटलं तर म्हणाला, वर कुठलं, मोठं कुठलं?
तेव्हापासून तिथं दरवर्षी नुसता प्रायमर.

शेवटी ग्लँड.
पंख्याचा दांडा बाहेर जातो त्या भोकाला
तीच काळी तेलकट दोरी, जी मी उसाच्या पंपाला भरतो,
तीन वेढे, जोड एकावर एक न येऊ देता.
इंजिन चालू केलं. नट आवळत होतो, अजून एक आटा, अजून अर्धा,
बसू आतनं ओरडला, साकु, साकु!
भरमाण्णांनी मनगट पालथं करून घड्याळ धरलं.
एक.
दो... नाही, ते घामाचं.
दोन.
तीन.
म्हणाले, मिनिटाला तीन. एवढं आत यायला पायजे.
पूर्ण बंद केलंस तर दांडा तापतो, दोरी जळते,
मग एका रात्रीत सगळं पाणी आत.

सोमवारी कणगल्याला एका माळ्यावरचा पंप भरला.
मालक वाकून बघत होता.
गळतंय की अजून, म्हणाला.
मी मोबाइलचा उजेड पाडला, मोजले,
पाना पिशवीत टाकला.
गळू दे, म्हटलं.
त्यानं पन्नास रुपये कमी दिले.